टोडच्या मूत्राशयाच्या पेशी आणि अल्डोस्टेरॉन: काय मोजायचं, कशावर विश्वास ठेवायचा

तुमचा प्रश्न असा आहे: पीएचडीसाठी अल्डोस्टेरॉनचा (अधिवृक्क ग्रंथीतून येणारं, शरीरात मीठ राखणारं हॉर्मोन) सोडियमच्या वहनावर होणारा परिणाम अभ्यासायचा आहे, मार्गदर्शकांनी टोडच्या मूत्राशयापासून केलेल्या पेशींवरचे जुने शोधनिबंध हातात दिले आहेत, आणि तुम्हाला कळत नाही की मूत्राशयच का, त्या पेशी आपल्याकडे वाढवायच्या कशा, नेमकं मोजायचं काय, आणि सस्तन प्राण्यांच्या पेशी सहज मिळत असताना हे करण्यात अर्थ आहे का.

अर्थ आहे. पण या पेशींमध्ये हॉर्मोनचा परिणाम दिसला की नाही हे ठरवण्याआधी दोन गोष्टींची खात्री लागते. पेशींचा थर खरोखर घट्ट आहे का (म्हणजे पेशींमधल्या फटींतून आयन गळत नाहीत ना), आणि पेशी वाढवायला तुम्ही वापरत असलेल्या माध्यमात ते हॉर्मोन आधीपासूनच आहे का? माझ्या पाहण्यात फसलेले बहुतेक प्रयोग या दोन ठिकाणी फसले. रेणवीय जीवशास्त्राचा भाग त्या मानाने सोपा असतो.

आधी मूत्राशयाबद्दल. अल्डोस्टेरॉनचं मुख्य काम मूत्रपिंडाच्या नलिकेच्या शेवटच्या भागात, म्हणजे संग्राहक नलिकेत चालतं. ती नलिका केसापेक्षा बारीक. तिच्या आत एक द्रव, बाहेर दुसरा द्रव ठेवून वीज मोजणं १९५० च्या दशकात जवळजवळ अशक्य होतं. टोडचं मूत्राशय मात्र सपाट पसरता येणारी पातळ, पारदर्शक पिशवी आहे. टोड बराच वेळ जमिनीवर काढतो, आणि ही पिशवी त्याचा पाण्याचा साठा असते. कोरड पडली की हॉर्मोनच्या हुकमावर तो त्यातलं पाणी परत अंगात घेतो. गोड्या पाण्याच्या आसपास राहणाऱ्या प्राण्याला मीठ दुर्मीळ, म्हणून मूत्रातलं सोडियमही तो परत ओढून घेतो. काम तेच, हॉर्मोनही तीच, आणि ऊती हाताळायला कितीतरी सोपी. एवढ्या एका कारणासाठी हजारो टोड प्रयोगशाळांमध्ये गेले.

पाया त्याही आधी कोपनहेगनमध्ये घातला गेला होता. हान्स उसिंग आणि झेरान यांनी १९५१ मध्ये बेडकाच्या कातडीवर दाखवलं की दोन्ही बाजूंना सारखंच द्रावण ठेवलं, बाहेरून करंट देऊन दोन बाजूंमधला विद्युतदाब शून्यावर आणला, तर त्यासाठी लागणारा करंट हा सोडियमच्या निव्वळ प्रवाहाइतकाच असतो. किरणोत्सारी सोडियमने त्यांनी हे पडताळलं. हाच तो शॉर्ट-सर्किट करंट. अलेक्झांडर लीफ यांच्या बॉस्टनमधल्या गटाने १९५८ मध्ये हीच पद्धत टोडच्या मूत्राशयावर नेली. त्याच वर्षी कोफोड-योनसेन आणि उसिंग यांनी दोन पटलांचं प्रारूप मांडलं: सोडियम वरच्या (बाहेरच्या द्रवाकडच्या) पटलातून उतारावरून आत येतो आणि खालच्या (रक्ताकडच्या) पटलातला पंप त्याला चढावर बाहेर ढकलतो. आजही आपण याच चित्रात विचार करतो, फक्त वरच्या दाराला आता ईएनएसी (सोडियम आत सोडणारा चॅनेल) हे नाव आहे आणि खालच्या पंपाला सोडियम-पोटॅशियम एटीपेझ.

१९६१ मध्ये क्राबे यांनी वेगळ्या काढलेल्या मूत्राशयावर अल्डोस्टेरॉन घातलं आणि सोडियमचं वहन वाढल्याचं दाखवलं. प्राणी नाही, मूत्रपिंड नाही, रक्ताभिसरण नाही, तरी परिणाम होतो, म्हणजे हॉर्मोन थेट या पेशींवर काम करतं. पुढच्या वर्षी ऑर्लॉफ आणि हँडलर यांनी दाखवलं की व्हॅसोप्रेसिनचा (मूत्रातलं पाणी परत घ्यायला लावणारं हॉर्मोन) परिणाम सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) घालूनही मिळतो. १९६३ मध्ये एडेलमन आणि सहकाऱ्यांनी अल्डोस्टेरॉनच्या परिणामाआधी नवा आरएनए आणि नवं प्रथिन तयार व्हावं लागतं असा पुरावा दिला. स्टेरॉइड हॉर्मोन जनुकांमार्फत काम करतात हे आपण आज पहिल्या वर्षाला शिकतो. त्याच्या अगदी सुरुवातीच्या पुराव्यांपैकी एक या पिशवीतून आला, हे पाठ्यपुस्तकं क्वचितच सांगतात.

मग आख्खी पिशवी सोडून पेशींच्या कल्चरकडे का वळायचं? मूत्राशयाची एक मोठी सोय होती: ते दोन भागांचं असतं, त्यामुळे एकाच प्राण्याचा एक भाग नियंत्रण म्हणून आणि दुसरा हॉर्मोन देऊन तपासता येई. पण त्याच्या अभिस्तरात (पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींच्या थरात) एकाच जातीच्या पेशी नाहीत. कणिकायुक्त पेशी बहुसंख्य, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियांनी भरलेल्या पेशी, श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी, तळाच्या पेशी, आणि खाली स्नायू व संयोजी ऊती. अशी ऊती वाटून प्रथिनं काढली तर काय कुठून आलं ते सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक टोडच्या अंगात स्वतःचं अल्डोस्टेरॉन असतं, आणि ते त्याच्या खाण्यावर, ऋतूवर, पिंजऱ्यातल्या पाण्यावर ठरतं. म्हणून जुन्या प्रयोगांत टोडांना आधी काही काळ मिठाच्या पाण्यात ठेवत किंवा काढलेलं मूत्राशय रात्रभर हॉर्मोनविना ठेवत. कल्चरमध्ये हा गोंधळ बराचसा नाहीसा होतो. पेशी एका जातीच्या, माध्यम तुमच्या हातात.

जोसेफ हँडलर यांच्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने १९७९ मध्ये टोडच्या मूत्राशयापासून सतत वाढणाऱ्या पेशीरेषा तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. तुमच्या हातातल्या शोधनिबंधांमध्ये टीबी-एम हे नाव दिसत असेल, ती यातलीच. या पेशी सच्छिद्र आधारावर वाढवल्या की एकसंध थर करत, थराच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब निर्माण होई आणि अल्डोस्टेरॉनने सोडियमचं वहन वाढे. त्याच सुमारास दुसरी एक उभयचर रेषा पुढे आली. ती मूत्राशयाची नाही, झेनोपस लेव्हिस या आफ्रिकी बेडकाच्या मूत्रपिंडाची. रॅफर्टी यांनी ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस वेगळी केली होती, आणि १९८१ मध्ये पर्किन्स व हँडलर यांनी तिचे वहनाचे गुण तपासले. हीच ए-६.

माझा स्पष्ट सल्ला असा की शोधनिबंध टीबी-एमचे वाचा, पण काम ए-६ वर करा. ए-६ अमेरिकेच्या एटीसीसी संग्रहात सीसीएल-१०२ या क्रमांकाने नोंदलेली आहे. तिच्यावर झालेलं काम इतकं आहे की तुमच्या प्रत्येक निष्कर्षाला तुलनेसाठी काहीतरी मिळेल. १९८५ मध्ये हॅमिल्टन आणि ईटन यांनी अमिलोराइडने बंद होणाऱ्या एकेका सोडियम चॅनेलचा करंट याच पेशींवर पॅच-क्लॅम्पने (पटलाच्या बारीकशा तुकड्यावर करंट मोजायची पद्धत) नोंदवला. १९९५ मध्ये ए-६ मधूनच झेनोपसच्या ईएनएसीच्या उपघटकांचं क्लोनिंग झालं. आणि १९९९ मध्ये पर्स यांच्या गटाने ए-६ पेशींमध्ये अल्डोस्टेरॉनने वाढणारे आरएनए शोधता शोधता एसजीके हे कायनेझ (इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणारं एन्झाइम) पकडलं. आज उच्च रक्तदाबाच्या चर्चेत एसजीके-१ हे नाव घेतल्याशिवाय पान उलटत नाही, आणि ते एका बेडकाच्या पेशीतून वर आलं आहे.

मूत्राशयाच्याच पेशी हव्यात असा आग्रह असेल तर आपल्याकडचे टोड पकडून प्राथमिक कल्चर करण्याचा विचार कोणी ना कोणी सुचवतोच. तो मनातून काढा. संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीसमोर हा प्रस्ताव टिकवणं अवघड आहे, आणि पावसाळ्यात डबक्यावरून आणलेल्या टोडची हॉर्मोनची पातळी, वय, रोग यांपैकी काहीच तुमच्या ताब्यात नसतं. कल्चरकडे वळण्याचं कारण जे होतं तेच मग परत पदरात पडतं.

आता पेशी वाढवण्याबद्दल, आणि इथे आपल्या हवामानाचा खरा संबंध येतो. उभयचर पेशी ३७ अंशांना ठेवायच्या नसतात. ए-६ साठी २६ ते २८ अंश सेल्सिअस योग्य. प्रयोगशाळेतल्या बहुतेक कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरमध्ये फक्त तापवायची सोय असते, थंड करायची नसते. नागपूरला मे महिन्यात खोलीच ३५ वर असते, तेव्हा तो इन्क्युबेटर २७ वर लावून काही उपयोग नाही. पुण्या-मुंबईतही एसी बंद पडला की तीच कथा. म्हणून थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर घ्या, आणि त्यात कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर हेपेस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन) घातलेलं, बायकार्बोनेट कमी असलेलं माध्यम वापरून झाकण घट्ट लावलेल्या फ्लास्कमध्ये पेशी वाढवा. फिल्टरच्या प्लेटना झाकण घट्ट लागत नाही, त्यांना बंद डब्यात ओलसर हवेत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात वीज जाते त्या भागात असाल तर तापमान नोंदवणारं छोटं यंत्र आत ठेवा. रात्री चार तास ३४ अंशांवर गेलेल्या पेशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठीक दिसतात आणि संध्याकाळी करंट देत नाहीत.

दुसरा भाग परासरणदाबाचा. सस्तन प्राण्यांचं माध्यम साधारण २९० मिलिऑस्मोल असतं, बेडकाच्या रक्ताला त्याहून बरंच कमी लागतं. डीएमईएमसारखं माध्यम निर्जंतुक पाण्याने पातळ करून २०० ते २५० च्या दरम्यान आणतात. कोणता आकडा घेता याहून तो कायम एकच ठेवणं जास्त महत्त्वाचं आहे. माध्यम अधिक पातळ झालं तर ए-६ पेशींमध्ये सोडियमचं वहन आपोआप वाढतं. हे चांगलं अभ्यासलेलं आहे, आणि ते तुमच्या हॉर्मोनच्या परिणामासारखंच दिसतं. हॉर्मोन दिलेल्या प्लेटमध्ये माध्यम बदललं आणि नियंत्रणात बदललं नाही, किंवा एका प्लेटमधलं पाणी जास्त उडालं, तर अल्डोस्टेरॉनच्या नावावर परासरणदाबाचा परिणाम छापला जाईल. ऑस्मोमीटर नसेल तर शेजारच्या रुग्णालयाच्या जैवरसायन विभागात विचारा, बहुतेक ठिकाणी असतो.

तिसरी गोष्ट बुरशीची. पावसाळ्यात कल्चरला बुरशी लागते म्हणून अनेक जण माध्यमात अँफोटेरिसिन-बी घालून ठेवतात. इतर कामात चालून जातं. इथे ते अजिबात घालू नका. हे औषध पटलात छिद्रं पाडतं, त्यातून सोडियम-पोटॅशियम सरळ जातात. बुरशीच्या पटलावर त्याचा जोर जास्त असतो एवढंच. वहनाच्या अभ्यासात मुद्दाम पटल भेदायचं असतं तेव्हा याच वर्गातली औषधं वापरतात, आणि रोजच्या माध्यमात ते असेल तर तुम्ही मोजत असलेला करंट कोणत्या दारातून आला हे सांगता येणार नाही. बुरशी लागली तर ती खेप फेकून द्या.

साध्या प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशी तुम्हाला एक सुंदर खूण दाखवतात. थर पूर्ण झाल्यावर काही ठिकाणी तो तव्यावरच्या भाकरीसारखा फुगतो. या फुगवट्यांना डोम म्हणतात. पेशी वरून मीठ आणि पाणी ओढून खाली सोडतात, खाली प्लास्टिक असल्याने ते जाणार कुठे, म्हणून थर उचलला जातो. डोम दिसले म्हणजे पेशी ध्रुवीय आहेत आणि वहन चालू आहे. पण हे मोजमाप नव्हे. शिवाय प्लास्टिकवर पेशींना खालच्या बाजूने ना अन्न मिळतं ना हॉर्मोन, आणि अल्डोस्टेरॉन असो वा व्हॅसोटोसिन (उभयचरांचं मूत्ररोधी हॉर्मोन), रक्ताच्या बाजूनेच येतं. त्यामुळे प्रयोग सच्छिद्र फिल्टरवरच करायचा. ०.४ मायक्रॉन छिद्रांचे, शक्य तर कोलॅजेन लावलेले. पेशी दाट पेरा आणि मग धीर धरा. थर दोन-तीन दिवसांत पूर्ण दिसतो, पण घट्ट व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसांत माध्यम दोन्ही बाजूंनी, ठरलेल्या दिवशी, सारख्या प्रमाणात बदलत राहा.

घट्ट म्हणजे किती? ए-६ चा चांगला थर हजारो ओहम-चौरस सेंटिमीटर रोध देतो. रोध मोजण्याच्या साध्या चिमट्यासारख्या इलेक्ट्रोडच्या यंत्रावर दिसलेला आकडा फिल्टरच्या क्षेत्रफळाने गुणायचा असतो. भागायचा नाही. आधी रिकाम्या फिल्टरचा आकडा वजा करा. १२ मिलिमीटरच्या फिल्टरचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असल्याने तिथे चूक झाली तरी लक्षात येत नाही. २४ मिलिमीटरच्या फिल्टरचं क्षेत्रफळ ४ च्या वर असतं आणि मग भागाकार-गुणाकाराच्या गोंधळात वीसपट फरक पडतो. असे आकडे मी छापील प्रबंधांतही पाहिले आहेत.

हेच यंत्र विद्युतदाबही दाखवतं. वरची बाजू खालच्या बाजूच्या तुलनेत ऋण असायला हवी. दाब भागिले रोध म्हणजे तुल्य करंट. दाब ४० मिलिव्होल्ट आणि रोध ५००० ओहम-चौ.सेंमी. असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ८ मायक्रोअँपिअर. याचं सोडियममध्ये रूपांतर सोपं आहे: १ मायक्रोअँपिअर तासभर वाहिला तर ०.०३७३ मायक्रोमोल एकभारित आयन पलीकडे जातात, म्हणजे वरच्या उदाहरणात दर चौ.सेंमी.ला तासाला साधारण ०.३ मायक्रोमोल सोडियम. उसिंग चेंबर (दोन द्रावणांच्या मध्ये थर बसवून करंट मोजायचं भांडं) नसलेल्या विभागात या तुल्य करंटवर बराच पल्ला गाठता येतो. पण तो खऱ्या शॉर्ट-सर्किट करंटची जागा घेत नाही, कारण दाब शून्यावर नसताना क्लोराइडलाही दोन बाजूंमध्ये ढकलणारं बल शिल्लक असतं.

चेंबर मिळालाच तर तीन गोष्टी सांभाळा. पेशींशिवाय फक्त द्रावण आणि फिल्टर ठेवून द्रावणाचा स्वतःचा रोध मोजा आणि त्याची भरपाई करा, नाहीतर दाब शून्य दिसेल पण पेशींवर तो शून्य नसेल. फिल्टर चेंबरमध्ये दाबताना कडेच्या पेशी चिरडल्या जातात, म्हणून कप काढून सरळ चेंबरमध्ये बसणारे फिल्टर वापरा. आणि द्रावण फ्रीजमधून थेट ओतू नका. १० अंशांवरून २७ अंशांवर चढणाऱ्या पेशींचा करंट आपोआप चढतो, आणि त्या चढणीला तुम्ही हॉर्मोन म्हणाल.

आता या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं मोजमाप. एकूण करंट छापू नका, अमिलोराइडने बंद होणारा भाग छापा. अमिलोराइड हे १९६० च्या दशकात आलेलं मूत्रल औषध. बेंटली यांनी १९६८ मध्ये टोडच्या मूत्राशयावर त्याचा परिणाम दाखवला आणि तेव्हापासून ते या क्षेत्राचं रोजचं हत्यार आहे. वरच्या बाजूला १० मायक्रोमोलर घातलं की ईएनएसी जवळपास पूर्ण बंद होतो, कारण अर्धा परिणाम १ मायक्रोमोलरच्याही खूप आधी येतो. जास्त घालण्याची हौस टाळा. शेकडो मायक्रोमोलरला सोडियम-हायड्रोजन विनिमयकासारख्या इतर गोष्टीही अडकतात. तेच १० मायक्रोमोलर एका फिल्टरला खालच्या बाजूने घालून पाहा. करंट लगेच पडला तर थराला गळती आहे असं समजा.

हा भाग वेगळा काढणं का आवश्यक ते सायक्लिक एएमपीच्या प्रयोगात कळतं. ए-६ वर व्हॅसोटोसिन किंवा फोर्स्कोलिन (रिसेप्टरशिवाय थेट सायक्लिक एएमपी वाढवणारं रसायन) घातलं की करंट वाढतो, पण त्यातला सगळा सोडियम नसतो. क्लोराइड वरच्या बाजूला स्रवतो आणि त्याची विद्युत दिशाही तीच असते. बाहेरून पाहता दोन्ही एकच. अमिलोराइडनंतर उरलेला करंट या दोघांना वेगळं करतो. व्हॅसोटोसिन म्हणायचं कारण, उभयचरांचं स्वतःचं मूत्ररोधी हॉर्मोन तेच आहे. व्हॅसोप्रेसिनला प्रतिसाद मिळाला नाही म्हणून रेषा बिघडली असा निष्कर्ष काढण्याआधी व्हॅसोटोसिन आणि फोर्स्कोलिन दोन्ही तपासा. दुसऱ्याने परिणाम दिला आणि पहिल्याने नाही, तर रिसेप्टर हरवला आहे, पुढची यंत्रणा शाबूत आहे. सतत वाढणाऱ्या पेशींमध्ये रिसेप्टर हरवणं नवीन नाही.

अल्डोस्टेरॉनच्या प्रयोगात खरी अडचण हॉर्मोन घालण्याआधीच येते. गर्भवासराच्या सीरममध्ये स्टेरॉइड असतात. १० टक्के सीरमवर वाढलेल्या पेशी आधीच उत्तेजित असतात, आणि वरून अल्डोस्टेरॉन घातलं तर थोडीच वाढ दिसते किंवा दिसतच नाही. म्हणून प्रयोगाआधी एक-दोन दिवस सीरमविना, किंवा कोळशाने स्टेरॉइड काढून टाकलेल्या सीरमवर ठेवायचं. इथे आणखी एक सापळा आहे. सीरमच्या जागी बाजारात मिळणारी तयार पूरकं घालतात, त्यात इन्शुलिन असतं. इन्शुलिन टोडच्या मूत्राशयातही सोडियमचं वहन वाढवतं आणि ए-६ मध्येही, आणि त्याचा मार्ग पीआय-३ कायनेझवरून जातो, जो पुढे एसजीकेलाच येऊन मिळतो. म्हणजे स्टेरॉइड काढून टाकलं आणि दुसऱ्या दारातून तीच यंत्रणा चालू केली. मला विचाराल तर विश्रांतीच्या काळात साधं माध्यम, शून्य पूरक, आणि थोडा रोध घसरला तरी चालेल.

हॉर्मोन इथेनॉलमध्ये विरघळवा, अंतिम इथेनॉल ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, नियंत्रणालाही तेवढंच इथेनॉल द्या. दोन्ही बाजूंना घातलं तरी चालतं, स्टेरॉइड पटलातून सरकतं. मग घड्याळ लावा. पहिला पाऊण तास ते एक तास काहीच दिसणार नाही. हा विलंबच एडेलमनना जनुकांकडे घेऊन गेला होता. त्यानंतर साधारण तीन तासांपर्यंत करंट चढतो आणि रोध उतरतो. दोन्ही एकत्र घडणं महत्त्वाचं आहे, कारण वरच्या पटलातले चॅनेल उघडले तर रोध कमी व्हायलाच हवा. करंट चढला आणि रोधही चढला, तर थर अजून घट्ट होतोय, प्रयोग लवकर सुरू झाला. यानंतरचा टप्पा दिवसभर चालतो, त्यात नवे पंप आणि नवे चॅनेल बनतात. १९८२ च्या सुमारास गीरिंग आणि रोसिए यांच्या लोझानच्या गटाने टोडच्या मूत्राशयात अल्डोस्टेरॉनने सोडियम पंपाची निर्मिती वाढते हे दाखवलं, ते याच उशिराच्या टप्प्याबद्दल. तीन तासांचा प्रयोग करून पंपावर बोलू नका आणि चोवीस तासांचा प्रयोग करून पहिल्या घटनेवर बोलू नका.

साठच्या-सत्तरच्या दशकात यावर मोठा वाद होता. एक पक्ष म्हणे हॉर्मोन वरचं दार उघडतं, दुसरा म्हणे खालचा पंप वाढवतं, तिसरा म्हणे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढवतं, आणि या तिसऱ्याकडे सिट्रेट सिंथेझ एन्झाइम वाढल्याचा पुरावाही होता. आज पाहता तिघांकडेही खऱ्याचा तुकडा होता, प्रत्येक जण वेगवेगळ्या तासाला घड्याळ पाहत होता. तुम्हाला हा प्रश्न स्वतःच्या फिल्टरवर विचारायचा असेल तर वरच्या बाजूला निस्टॅटिन घालून पटल भेदा. मग वरचं दार बिनकामाचं होतं आणि जो करंट उरतो तो पंपाच्या क्षमतेचा. हॉर्मोन दिलेल्या आणि न दिलेल्या फिल्टरमध्ये तो सारखाच आला तर वाढ वरच्या दारात झाली. खालच्या बाजूला ओआबेन (सोडियम पंप बंद करणारं औषध) घालून तो करंट शून्यावर येतो का तेही पाहा.

रिसेप्टरचा भाग तर अनेक प्रबंधांत सरळ चुकलेला असतो. ए-६ पेशींवर अल्डोस्टेरॉन बहुधा १०० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर वापरतात. एवढ्या प्रमाणात ते मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरपुरतं मर्यादित राहत नाही, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरलाही बसतं. १९९३ मध्ये श्मिट, हस्टेड आणि स्टोक्स यांनी ए-६ मधला सोडियमवरचा परिणाम ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमार्फत होतो असं दाखवलं. म्हणून स्पायरोनोलॅक्टोनने (मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अडवणारं औषध) परिणाम थांबला नाही तर घाबरू नका, आणि मिफेप्रिस्टोनने (ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अडवणारं) थांबला तर त्याचा अर्थ लिहा. तुमच्या शीर्षकात 'मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर' हे शब्द असतील तर ए-६ ही रेषा तुमच्यासाठी नाही.

अशा वेळी काय? उंदराच्या संग्राहक नलिकेपासून केलेल्या रेषा आहेत. एमपीकेसीसीडी ही १९९९ पासून वापरात आहे, आणि रोसिए यांच्याच परंपरेतली एमसीसीडी-सीएल-१ ही २००५ मध्ये आली, ती शरीरात सापडते तेवढ्या कमी अल्डोस्टेरॉनलाही प्रतिसाद देते. त्या ३७ अंशांना, नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये वाढतात, त्यांच्यासाठी प्रतिपिंडं आणि जनुकीय साधनं भरपूर मिळतात. झेनोपसच्या प्रथिनांसाठी प्रतिपिंडं मिळणं अवघड, हे मान्य करायला हवं. तुमचा प्रश्न रक्तदाबाच्या एखाद्या औषधाचा किंवा लिडल सिंड्रोममधल्या (ईएनएसी जास्त चालू राहून रक्तदाब वाढवणारा आनुवंशिक आजार) बदलाचा असेल तर उंदराच्या पेशी घ्या. पण तुमचा प्रश्न वहनाच्या यांत्रिकीचा, परासरणदाबाचा, एकेका चॅनेलच्या वागण्याचा असेल, तर ए-६ च्या थराइतकी मजबूत आणि खोलीच्या तापमानाला तासन्‌तास टिकणारी वस्तू दुसरी मिळणार नाही. कमी खर्चाच्या प्रयोगशाळेसाठी हा शेवटचा मुद्दा लहान नाही. सस्तन पेशींच्या चेंबरला पूर्ण वेळ ३७ अंशांचं फिरतं पाणी लागतं, इथे लागत नाही.

पेशी आल्यावर त्या कितव्या पासेजच्या (किती वेळा नव्या भांड्यात पेरलेल्या) आहेत ते विचारून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात शक्य तितक्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. ए-६ च्या वेगवेगळ्या उपरेषा प्रयोगशाळांमध्ये फिरतात, २-एफ-३ आणि सी-१ ही नावं तुम्हाला सापडतील, आणि त्यांचा हॉर्मोनला प्रतिसाद सारखा नसतो. शोधनिबंधाशी तुमचे आकडे जुळले नाहीत तर आधी त्यांची उपरेषा कोणती ते पाहा. मायकोप्लाझ्माची (कल्चरला न दिसता लागणारा जिवाणू) तपासणी आल्या आल्या करा, नंतरही करत राहा.

सांख्यिकीबद्दल एक गोष्ट, कारण परीक्षक इथे अडवतातच. एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधून पेरलेले १२ फिल्टर म्हणजे १२ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. नमुन्याची संख्या म्हणून वेगवेगळ्या वेळी पेरलेल्या खेपा मोजा, एका खेपेतल्या फिल्टरांची सरासरी हे एक निरीक्षण. जुन्या टोडच्या प्रयोगांत दोन भाग एकाच प्राण्याचे म्हणून जोडीने तुलना होई. तुम्हीही प्रत्येक खेपेत अर्धे फिल्टर नियंत्रणाला ठेवा आणि तुलना खेपेच्या आत करा. हॉर्मोन घालण्याआधी प्रत्येक फिल्टरचा रोध आणि दाब लिहून ठेवा, किमान किती रोध असलेले फिल्टर घ्यायचे हे आधीच ठरवा, आणि ती मर्यादा प्रबंधाच्या पद्धती विभागात आकड्यासह द्या.